पाठीवर किती

दिवाळीआधी वडशाला ट्रक पाहायला गेलो,
मी आणि कंपनीचे मालक.
मालकांनी सिंदेवाहीच्या वेल्डरकडून
चाकांवरची रंगखोली बांधून घेतली होती :
दोन आरसे, चार बर्थ, पाण्याची टाकी,
दाराला आतून कडी.
ती ट्रकच्या शेपटाला अडकत नाही,
मान लांब करून
त्याच्या पाठीवर टेकते.

दलाल म्हणाला, "सहा टन ओढते बाप्पा, डोये मिटून घ्या."
ओढत असेल.
माझ्या सासऱ्याचा हेला धानाची बंडी ओढायचा,
पाठीवर पोरगं बसलं की खाली बसायचा.
"पाठीवर किती?" मी विचारलं.
दलालानं मालकांना चहा सांगितला.

निळ्या गाडीच्या कुशीवर आकडे रंगवलेले होते,
रिकामं वजन, भरलं वजन.
एकातून एक वजा केलं : सतराशे किलो.
राइस मिलच्या काट्यावर रंगखोलीची नुसती मान टेकवली,
अकराशे.
पडदे अडीचशे, दवानं भिजले नाहीत तर.
जनरेटर एकशे ऐंशी. पेटी, तबला, तलवारी चाळीस.
एकशे तीस उरले.
"बसते!" मालक म्हणाले, आणि खिशात हात घातला.

कौसल्याबाई नैताम तिथंच पायरीवर
पान लावत बसल्या होत्या. आईच्या भूमिका त्याच करतात.
"अन् आमी?" त्या म्हणाल्या,
"आमी का हवेतून येऊ गा?"

एकोणीस हंगाम ही बाई
माझ्या गाडीत पडद्यांच्या घडीवर झोपत आली,
आणि माझ्या एकाही बेरजेत नव्हती.

मग सगळेच काट्यावर चढले.
राजा, खलनायक, लावणीवाल्या दोघी,
प्रॉम्प्टर त्याच्या वह्यांसकट.
कोणीतरी म्हणालं, श्वास सोडा.
आठ जण, चारशे ऐंशी.
काटेवाल्या पोरानं पावती काढता काढता विचारलं,
"मालाच्या रकान्यात काय लिहू?"
कोणी बोललं नाही.
त्यानं आपल्या मनानं लिहिलं : नाटक.

निळी तिथंच राहिली.
आणली ती मातकट, जुनी, दोन पाटे जास्तीची,
रिकामी असली की दात वाजवते,
भरली की गप्प.

नवरगावच्या वाटेवर, तळ्याच्या पाळीवर चढताना
मागं आरसे हलले, एकदाच.
मी गिअर खाली घेतला.
रंगखोलीत आतून कडी होती.
कौसल्याबाई झोपल्या असाव्यात,
पाठीला कळत होतं.