ओरखडा

पिवळ्या टिपचं टोक
पेशींच्या सायीवरून ओढायचं. एकदाच.
हे हिरेमठ सरांनी नाही, शिवलीलानं शिकवलं मला.
"भ्यायचं नाही गं. भाकरी थापताना भितीस काय?"
मी भाकरी थापत नाही,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मग धुवायचं. सुटलेल्या पेशी जातात.
एका ताटलीत पेप्टाइड:
सात मण्यांची माळ, आमच्याच मशीनवर ओवलेली,
सुकवल्यावर दिसते
बाबांच्या मागाखाली साचणाऱ्या कापसाच्या भुरीसारखी.
दुसरीत नुसता बफर.

रात्री लाइट गेली. जनरेटरला अकरा सेकंद लागतात.
मी मोजते.

सहाव्या तासाला कडा विस्कटलेल्या.
पेशी आधी एक पाय पुढे टाकते, पसरट,
चिखलाचा अंदाज घेतल्यासारखा,
मग मागचं सगळं ओढून आणते.
शेजारची जागा रिकामी झाली,
एवढंच कळतं तिला.

मागे एक पाहुणे आले होते, भिंगातून बघून म्हणाले,
"हे म्हणजे आपल्या सीमेसारखंच की!"
सगळे हसले.
ताटलीला चोवीस तास मिळतात, साहेब.
त्यापुढे पेशी चालत नाहीत, नुसत्या वाढतात,
भेग भरलेली दिसते आणि आकडा खोटा होतो.
हे मी बोलले नाही. चहा दिला.

वडगावात बाबा दर रविवारी विचारतात,
"तुझ्या त्या माळेचं काय झालं?"
अंगठ्याची जखम, साखर, दीड वर्ष.
मी सांगते, आधी ताटली, मग उंदीर, मग…
"म्हणजे माझ्या पायाला नाही."
नाही.
"आमच्याकडं धागा तुटला तर गाठ मारावी लागते,
आपणहून येत नाही तो."
आणि एका हातानं, न बघता,
हवेतच गाठ मारून दाखवतात.

चोवीस तास. पेप्टाइड एक्याऐंशी टक्के,
बफर चौऱ्याहत्तर.
तिन्ही वेळचे आकडे एकमेकांच्या अंगावर रेललेले.
सर चष्मा पुसत म्हणाले, "नाळे मत्ते माडोण."
उद्या पुन्हा करू.
शिवलीलानं वहीत तारीख टाकली.

मी मात्र दुसऱ्या ताटलीकडेच बघत राहिले.
त्यांना आपण काहीच दिलं नव्हतं.
त्याही निघाल्याच होत्या.

दोन्ही ताटल्या ब्लीचमध्ये बुडवल्या,
हात धुतले, कोपरापर्यंत.
घरी जाताना मेडिकलमधून गॉज घेतलं.
दोन रोल.