कोर्टनाका, सातवी तारीख

ठाण्यात गेला म्हटलं की
आमच्या दिघ्यात विचारतात,
शहरात, की पोलिसांच्या?
हसुराम दोन्हीकडे गेला.
परत आली ती चप्पल, एका पायाची.
कॅमेरा त्या रात्रीपुरता नादुरुस्त.

सरकारी वकील आजचे चौथे.
फाईल चाळत म्हणाले, "मयत कोण तुमचा?"
दीर.
आणि साहेब, तुम्ही कोणाचे?
हे ओठांतच राहिलं.

गटारासाठी मत दिलं, नळासाठी दिलं,
शाई अजून नखात आहे.
या काळ्या कोटासाठी मात्र
कोणी दारात हात जोडून आलं नाही.
आलं असतं तर एवढंच विचारलं असतं:
फौजदार आत आला
की खुर्चीतून उठाल का?

पट्टेवाला पुकारतो.
बुटांचा आवाज.
मी मान वर करत नाही,
खुर्ची सरकते का ते ऐकते.