सात दहाची

यवतमाळच्या एका डॉक्टरची होती ही अल्टो.
बासष्ट हजार किलोमीटर, मागच्या दाराला पोचा,
डिकीत अजून त्यांच्या नातवाचा एक बूट.
मी घेतली. एक लाख दहा हजार, पतसंस्थेचे.
आरोग्य केंद्रात रक्त तपासणारी बाई
स्वतःच्या गाडीनं येते, हे ऐकायला बरं वाटलं.
खोटं कशाला बोलू.

आधी सात दहाची होती, दिग्रस आगाराची.
दिसायच्या आधी तिच्या काचा ऐकू यायच्या.
कंडक्टर ढोके. माझे तीन रुपये त्याच्याकडे असायचे
किंवा त्याचे दोन माझ्याकडे.
नऊ वर्षांत तो हिशोब मिटला नाही,
मिटू नये असंच दोघांनाही वाटत असावं.

फाट्यावर उतरायचं, तिथून अडीच किलोमीटर पायी.
पऱ्हाटी, मग तुरी, मग नाला.
नाल्याला पाणी असलं की चपला हातात.
पुढे पंचफुला, डोक्यावर सुकटीचं टोपलं,
मागे अंगणवाडीच्या उईके बाई,
आणि शालिकराम, जो सायकल असून ढकलत चालायचा
बोलायला कोणी मिळावं म्हणून.
कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी बसली,
कोणाचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही.
अर्धं गाव मला रस्त्यातच कळायचं,
सुई टोचायच्या आधी.

आता नऊ मिनिटं लागतात.
काच वर, एसी दोनवर.
तुरीचा वास येत नाही, घामही येत नाही.
आणि मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
ज्यांची चप्पल कधी डांबरात रुतली नाही
त्यांनी मला चालण्याचं सुख शिकवू नये.
गुडघ्यांनाही मत असतं.

सुरुवातीला मी थांबायचे.
पंचफुला मागे बसायची टोपलं मांडीवर घेऊन,
गाडीला आठवडाभर सुकटीचा वास.
मग मी काच खाली करायला विसरू लागले.
मग ती हात करायला विसरली.
अशा गोष्टींचं भांडण होत नाही.

दिवाळीनंतर सात दहाची बंद झाली.
आगारात विचारलं, तर साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
भारमान बावीस टक्के.
"प्रवासीच नाहीत, मॅडम. सगळ्यांनी गाड्या घेतल्या."
सगळ्यांनी म्हणजे ग्रामसेवक, दोन मास्तर,
कृषी सहायक, पोस्टातले इंगोले,
आणि मी.
बसमधून आम्ही सहाजण उतरलो
आणि बसच रस्त्यावरून उतरली.

घरी येऊन भागाकार केला, पेशी मोजायच्या सवयीनं.
चव्वेचाळीस सीट, त्यात मी एक,
सव्वादोन टक्के.
एवढ्या फरकानं कोणाचा रिपोर्ट बिघडत नाही.

परवा शालिकराम अर्ज घेऊन आला,
'सात दहाची बस पूर्ववत सुरू करणेबाबत.'
पंचफुलाचा अंगठा सगळ्यात वर, जांभळा.
"तुमी करता काय सही? तुमच्यापाशी तं गाडी हाये."
टोमणा नव्हता तो. त्याला खरंच नियम माहीत नव्हता.
मलाही.
केली सही. खाली हुद्दा लिहिला, शिक्का मारला.
शिक्का मारायला नको होता बहुतेक.

आज गाडी घरी ठेवली.
काळीपिवळीनं फाट्यापर्यंत, तिच्यात चौदाजण,
पुढे पायी.
नाल्यावर कधीचा पूल झालाय, त्याला कठडा नाही,
रोज वरून जाऊनही मला हे माहीत नव्हतं.
पंचफुला पुढे होती. वळून न बघताच म्हणाली,
"काहून वो, गाडी बिघडली काय?"
नाही म्हटलं.
ती थांबली नाही, पण चाल जरा हळू केली.

उद्या मी गाडीनंच येईन. गुडघा आत्ताच सुजलाय.
पूल ओलांडेपर्यंत कोणी बोललं नाही.
मग तिनंच सांगितलं,
ढोकेची बदली झाली, पुसदला.

माझे तीन रुपये घेऊन गेला.
का त्याचेच दोन होते माझ्याकडे?