ऊन किती येतं?

धनपालशेठ चष्म्यावरून बघतात आणि विचारतात,
"ऊन किती येतं?"
नाव नाही, गाव नाही. आधी ऊन.

पितृपक्ष चालू आहे. मंडईमागच्या या दुकानात
माझ्याशिवाय गिऱ्हाईक नाही.
या दिवसांत नवं काही घेऊ नये, वन्सं फोनवर म्हणाल्या.
बी कुठे नवं असतं?
मागच्या वर्षीचंच ते, नुसतं झोपलेलं.

खोटं सांगावं, असं वाटून गेलं,
डॉक्टरांपुढे वजन सांगताना वाटतं तसं.
"साडेतीन तास," मी म्हटलं. "सध्या."

सध्या, कारण गॅलरी दक्षिणेला आहे.
उन्हाळाभर ऊन स्लॅबवरूनच परत फिरतं,
भाद्रपद सरता सरता वाकतं,
कठड्यावरून आत एक पाय टाकतं
आणि आठवड्याला अर्धी फरशी पुढे येतं.
मी खडूनं रेघा मारल्यात.
पारूबाईंना सांगून ठेवलंय, तेवढं पुसू नका.
चौतीस वर्षं सातवीला दक्षिणायन शिकवलं,
कळलं ते या फरश्यांवर.
मार्गशीर्षात ऊन फ्रिजपर्यंत येतं.

म्हणजे यायचं.
समोर कोटणीसांचा बंगला होता, तिथे आता अकरा मजली होतेय.
सहावा स्लॅब गुरुवारी पडला.
ते महिन्याला एक मजला चढतात,
सूर्य रोज थोडा उतरतो.
लाइटबिलाच्या पाठीवर मी हे गणित तीनदा मांडलं,
तीनदा उत्तर वेगळं आलं.

"मग पालेभाज्या घ्या," शेठ म्हणाले,
"टोमॅटोच्या नादाला लागू नका."
पालक, लाल माठ, मुळा.
चाकवत आहे का विचारलं, तर ते हसले;
चाकवत विचारणारी माणसं संपली म्हणे.
तरी खालच्या खणातून एक पुडी निघाली, वर्तमानपत्राची.
मेथी मी विकत घेत नाही, डब्यातली पेरते.
धने चपलेखाली रगडते.
बीटच्या बिया औषध लावून गुलाबी केलेल्या,
बडीशेपेच्या गोळ्यांसारख्या; नातवापासून लांब ठेवायला हव्यात.
पाकिटावर फ्लॉवरचा गड्डा, बाळाच्या डोक्याएवढा,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: उगवण किमान सत्तर टक्के.
आमच्या शाळेत सत्तरला पेढे वाटत.
उरलेल्या तिसांचं काय होतं, मातीत,
ते पाकीट सांगत नाही.

फुलांपाशी मात्र माझा हिशेब सुटतो.
पिटुनिया म्हणजे चिमूटभर धूळ, एक शिंक आली की संपलं.
कॅलेंड्युला वाकडं, कापलेल्या नखासारखं.
आणि स्वीट पी.
"त्याला सहा तास लागतात, बाई."
"माहीत आहे," मी म्हटलं. "द्या."

घरी येताना साइटच्या फाटकाशी सुखमती भेटली,
कडेवर पोर, डोक्यावर चुंबळ तशीच.
त्यांच्या पत्र्याच्या खोल्या पलीकडच्या अंगाला,
तिथे सकाळपासून दिवे लागेपर्यंत नुसतं ऊन.
मी पिशवी उघडली, पालकाचं पाकीट पुढे केलं.
तिनं मान हलवली. बोट दाखवलं,
"वो वाला. फूल."

निम्मं कॅलेंड्युला मी तिच्या पदरात ओतलं.
साठ दिवसांत फुलतं, खुणेनं सांगितलं,
आणि मनात मोजलं: पाच स्लॅब बाकी आहेत,
तोवर ती इथेच असेल.
जिना चढताना लक्षात आलं,
त्या स्लॅबांची मोजणी आज पहिल्यांदाच
मी दुसऱ्या बाजूनं केली.

अजून पेरलेलं नाही काही.
हस्ताचा पाऊस व्हायचाय, तो वाफे धुऊन नेतो.
पाकिटं स्टीलच्या डब्यात आहेत, शाळेच्या जुन्या डस्टरशेजारी.
सकाळी पाहिलं,
ऊन कालच्या रेघेच्या दोन बोटं पुढे होतं,
आणि समोर सातव्याच्या सळया बांधायला घेतल्या होत्या.
मी खडू शोधला.