जेवण धरून

सकाळी साडेसहाला काळा घोड्याच्या कोपऱ्यावर
मी पाटी धरून उभी: एक दिवस, तीन गावं, जेवण धरून.
आज सहाजण. लिव्हरपूलचं निवृत्त जोडपं,
ऊन लागणारा एक फ्रेंच मुलगा,
कोथरूडच्या दोघी बहिणी, थोरलीला ऐकू कमी येतं,
आणि एक गृहस्थ, ते सगळ्याचा हिशेब लिहून घेतात.

निघताना नेहमीचं सांगते:
हा दगड कुर्ल्याचा, हा मालाडचा,
कमानी साहेबाच्या, घडवणारे हात आपले.
माना हलतात.
त्या हातांची नावं मला येत नाहीत.
विचारतही नाही कुणी.

पूल ओलांडला की खाडीचा वास व्हॅनमध्ये शिरतो,
फ्रेंच मुलगा नाकाला रुमाल लावतो, मग काढतो.
हा वास मी माहितीपत्रकात घातलेला नाही.

पहिली वाडी कातकऱ्यांची.
बुधी हिलम अंगणात बांबू चिरते,
कोयत्याचं पातं अंगठ्याच्या नखाला टेकून जातं.
एका टोपलीला किती वेळ लागतो?
बुधी म्हणते, बांबू मिळायला चार दिस,
टोपली एका दुपारची.
फारेस्टवाला धरतो तो दिस कशात धरायचा?
मी इंग्रजीत सांगते: एक दुपार.
गृहस्थ लिहून घेतात.
निरुपमाताई, धाकटी बहीण,
माझ्याकडे बघते. मराठी कळणाऱ्यांची हीच पंचाईत.

दुसऱ्या गावात कुंभाराचं चाक बंद.
तो लग्नाला गेलाय, चाक दाखवायला पुतण्या आहे.
पुतण्या छान फिरवतो. घडत काही नाही.
सगळ्यांनी फोटो काढले.

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं,
सुकटीची चटणी बाजूला झाकून, विचारूनच वाढलेली.
लिव्हरपूलच्या बाईंनी ती दोनदा घेतली.

मग जोहे.
शेडमध्ये तीनशे गणपती, पांढरेफटक,
सोंडेखाली काटक्यांचे टेकू,
डोळ्यांच्या जागी नुसताच उतार.
पदीबाई म्हात्रे खुर्चीवर मांडी घालून आखणी करते.
श्वास धरते,
एक रेघ,
मग सोडते.
शेडमधलं सगळं तेवढ्यापुरतं थांबतं, पंखासुद्धा,
म्हणजे वीज गेलेली असते.

डोळे शेवटी का?
पदीबाई हसते. आदी केलं त तो बगत बसंल ना,
कवा सपतंय, कवा सपतंय.
मी सांगते: परंपरा.

मुलं शिकतात का हे?
ती ब्रश पाण्यात सोडते.
माझ्याकडे बघत नाही. इतकी वर्षं झाली,
एकदाही बघितलेलं नाही, ठरलंय आमचं.
यक पोर हाय. हात बरा व्हता तिचा.
आता लोकांना गावं दाखवती.

मी सांगते: एक मुलगी आहे.
मुंबईत नोकरी करते.
हाऊ लव्हली, बाई म्हणतात,
आणि खरंच तसंच म्हणतात.

निघताना प्रत्येकाला मातीचा एक उंदीर.
माझ्या हातात पिशवी, गाठ मारलेली,
कुणाचा डबा राह्यलाय बग गं, पदीबाई म्हणते,
आणि वळते.
पिशवीतून सुकटीचा वास येतो.
माझ्या वास्तूचा, माझ्या वह्यांचा, शाळेच्या गणवेशाचा.

परतीला कुणी बोलत नाही.
गृहस्थ बेरीज करतात, फ्रेंच मुलगा झोपलाय.
भायखळ्याच्या सिग्नलला
निरुपमाताई पुढे सरकून बसतात,
तळहातावर उंदीर.
ह्याला डोळेच काढलेले नाहीत हो, म्हणतात,
आणि पुढचं एक वाक्य गिळतात.
तुम्ही काढाल?

माझ्याकडे बॉलपेन आहे, सह्या घ्यायचं.
उंदीर दाण्याएवढा, हात कोरडा पडलेला.
मी श्वास धरते.

सिग्नल सुटतो.
एक झालाय.
दुसरा पुढच्या सिग्नलला.