कोरी जागा

धरणगावच्या वखारीत टोपीकर
नीळ मोजून घेताना सांगायचा,
दर्यापार दोनदा गाव वसवलं त्यानं.
पहिलं थंडीनं खाल्लं.
दुसऱ्यात रसद घेऊन परतला
तर चुली होत्या,
राख भिजलेली, माणूस एक नाही.

मी भावसार. काट्यावरची नजर न काढता विचारलं,
तुमच्याआधी तिथं कोण राहत होतं, साहेब?

बराच वेळ तो
बोटांची निळाई पुसत बसला.
जात नाही ती, मला ठाऊक आहे.

मग नकाशा उलगडला.
गिरणेच्या पल्याड नुसता कोरा कागद.
म्हणाला, इथं काही नाही.

तिथं माझी सासुरवाडी.
परवाच कळण्याची भाकर खाऊन आलो.

बोललो नाही.
त्या दिवसापासून मात्र
त्याच्या मापाला
जरासा पासंग ठेवतो.