गाडीवरचं तोंड

इर्शाद बागवानाला ड्रॅगन हवा होता.
लाल, आग ओकणारा,
गंगावेशीतल्या बाकीच्या गाड्यांवर आहे त्याहून
हातभर लांब.
दादा म्हणाले, होईल. पंधराशे. रंग तुमचा.

मी डबे धरून उभी. पत्र्याला अस्तर मारून झालेलं,
खडूनं शेपूट निघालेली,
तेवढ्यात आचारी कोबी चिरायचा थांबला.
हेन्री शिऊ. कलकत्त्याच्या टांग्र्याचा.
त्याचे आजोबा चामडं कमवायचे,
म्हणून आमच्या चप्पल लाईनीतून जाताना
त्याला म्हणे घरी आल्यासारखं वाटायचं.

आमचा ड्रॅगन आग ओकत नाही, तो म्हणाला.
तो पाण्याचा. डोहात राहतो, ढगात राहतो,
मागुरासारख्या मिशा असतात त्याला.
तो कूस बदलतो तेव्हा पाऊस पडतो.

दादांनी खडू खाली ठेवला.
समोरच्या भिंतीवर कमरेच्या वर
गढूळ रेघ अजून ओली होती.
पाच सालचा ऑगस्ट.
सगळं गाव नमस्काराऐवजी विचारत होतं,
किती फुटांवर?

मग तो येऊन गेलाय, दादा म्हणाले.
आमच्या ब्रशांचे दांडे फुगवून गेला.
त्याला परत बोलवायचं चित्र
मी काढत नाही.

इर्शाद कावला. दुसरं काय आहे का तुमच्याकडं?
होतं. हेन्रीकडं पुष्कळ होतं.
एक शिंगवाला, गवतावरून चालला तरी
पातं मोडत नाही.
एक वर्षातून एकदा गावात शिरतो, माणसं खातो,
पण लाल रंगाला भितो, आवाजाला भितो.
(हितं टिकायचा न्हाई, इर्शाद म्हणाला,
हितं बारशालासुद्धा डॉल्बी.)
एक कासव, पाठीवर शिलालेख घेऊन
हजार वर्षं बसलेलं, लिहिणारे कधीच गेले.

आणि एक नुसतं तोंड.
जुन्या काशाच्या भांड्यांवर असायचं.
धड नाही, खालचा जबडा नाही.
भूक एवढी की समोरचं सगळं खाल्लं,
मग स्वतःला खात आला, गळ्यापर्यंत.

दादा हसले. हा तर आपला.
आजोळच्या महादेवाच्या उंबऱ्यावर आहे की.
खायला काही उरलं नाही तेव्हा देवानंच सांगितलं,
स्वतःला खा.
त्यानं खाल्लं.
त्याच्यावर पाय द्यायचा नसतो, ओलांडायचं.

दोघं मग बराच वेळ
एकाच पत्र्यावर बोटांनी डोळे काढत बसले,
हेन्रीचे वटारलेले, दादांचे जरा दमलेले.
शेवटी एक डावा झाला, एक उजवा.
जबडा काढलाच नाही.
ताटल्या ठेवायची फळी होती, तोच जबडा.
संध्याकाळी तालमीतली पोरं आली,
त्या जबड्यावर कोपर टेकून
शेजवान राईस खाऊन गेली.
कुणी विचारलं नाही, हे कोण.

दादा गेले. हेन्रीचा नंबर लागत नाही.
मी आता फ्लेक्स करते, राजारामपुरीत, एसीत.
ड्रॅगन लिहिलं की चाळीस येतात,
चाळीसही आग ओकणारे.
गिऱ्हाईक म्हणतं, जाळ वाढवा.
मी वाढवते.

परवा उद्यमनगरात शाई आणायला गेले
तर भंगाराच्या दारात तो पत्रा आडवा.
गंजानं नाक खाल्लं होतं, कपाळ खाल्लं होतं,
हेन्रीचा डोळा गेलेला.
दादांचा होता अजून, तसाच, दमलेला.
न्यायचा का? भंगारवाला म्हणाला. किलोवर आहे.

सुटे नव्हते.
असते तरी ठेवला कुठं असता?
मी साडी जरा वर धरली
आणि ओलांडून आत गेले.